अठरा मिनिटांचा सल्ला

१

मनकर्णाबाईंच्या ओट्यावर शेण कुणी फेकलं हे शोधायची गरजच नव्हती. फेकणारीनं फेकतानाचा व्हिडिओ मुद्दाम काढून घेतला होता आणि बुधवारी सकाळी साडेनऊच्या आत तो सगळ्या तरडवस्तीच्या मोबाईलवर पोचला होता. खाली अंगठे, टाळ्या, आगीचे लोळ. 'अगं, म्हाताऱ्या बाईच्या दारात हे काय करतेस?' एवढं लिहायला दोनशे चौदा माणसांच्या ग्रुपात एकाचीही बोटं वळली नव्हती.

सूर्यभाननं व्हिडिओ पाहिला आणि चहाचा कप आदळला.

"लाज कशी वाटत न्हाई यांना!" तो बायकोवर ओरडला, जसं काही तिनंच शेण फेकलं होतं.

"मंग तुमी काय वेगळं केलं?" बायको शांतपणे म्हणाली. "बाईंच्या मेसेजचा तो फोटो सकाळी तुमीच चार ठिकाणी फिरवला की. वर लिवलं, मी आधीपासून सांगत हुतो."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

सूर्यभान एस.टी.तला कंडक्टर. कर्जत, राशीन, मिरजगाव, नगर या रस्त्यांवर बत्तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झालेला. आणि मनकर्णाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर बाईंनी 'कामाची गोष्ट' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. रोज सकाळी एक सल्ला. मोबाईलची बॅटरी फुगली तर काय करायचं, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, मिक्सर कोणता घ्यावा, सुनेशी भांडण झालं तर आधी कुणी बोलावं. विषय कोणताही असो, बाईंचं मत ठरलेलं आणि त्याखाली सूर्यभानचं उलटं मतही ठरलेलं. बाई म्हणाल्या मोबाईलला कव्हर घाला, की सूर्यभान लिहिणार, कव्हरनं मोबाईल तापतो. चार वर्षं हे चाललं होतं आणि गावाला त्याची सवय झाली होती.

पण मंगळवारी सकाळी साडेआठला रंगुबाईची सून संस्कृती हिटरनं तापवलेल्या पाण्याची लोखंडी बादली उचलायला गेली आणि तिला शॉक बसला. चोवीस वर्षांची पोरगी. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, शुद्ध गेली. टेम्पोत घालून तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. बुधवारी सकाळी आठ चाळीसला ग्रुपवर एक फोटो आला. आदल्या दिवशीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. वर ग्रुपचं नाव, खाली मनकर्णाबाईंचं नाव, वेळ सहा बावन्न, आणि मजकूर असा:

'बोर्डाला दोनच भोकं असतील तर हिटरची वरची मोठी पिन सरळ कापून टाका. काही होत नाही. दोन पिनांवर हिटर मस्त चालतो.'

झालं. अर्ध्या तासात बाई खुनी ठरल्या. गुरुवारी पाचला डेअरीच्या हॉलमध्ये बैठक आणि तिथून सगळं गाव संस्कृतीच्या नवऱ्याला, गोरक्षनाथला, म्हणजे गावाच्या गोरखला, घेऊन पोलीस ठाण्यात जाणार, बाईंवर गुन्हा नोंदवायला, असं ठरलंसुद्धा. बाईंना एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं.

सूर्यभाननं पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघाले?" बायकोनं विचारलं.

"तिचं तिकीट तपासायला. तिनं हे लिवलं असलं तर मीच तिला ठाण्यात नेतो. पन न्हाई लिवलं, तर एकेकाची खैर न्हाई."

२

मनकर्णाबाई ओटा धूत होत्या. साठी ओलांडलेली बाई, कमरेत वाकून खराट्यानं शेण लोटत होती आणि समोरच्या घरातल्या बायका खिडकीतून बघत होत्या. सूर्यभाननं त्या खिडकीकडं असं काही पाहिलं की ती लागली.

"या भाऊजी," बाई म्हणाल्या. "तुमीच राहिला हुता. द्या शिव्या."

"शिव्या नंतर. हे तुमी लिवलं का?"

"न्हाई."

"मंगळवारी सहा बावन्नला तुमी काहीच लिवलं न्हाई?"

"लिवलं हुतं. पन हे न्हाई. याच्या बरोबर उलटं. मोठी पिन कापलेला हिटर वापरू नका, ती अर्थिंगची पिन हाय, जीव जाईल, असं."

"मंग कुठाय तो मेसेज?"

बाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "पुसला मी. सात दहाला."

सूर्यभानचं डोकं फिरलं. "पुसला? इतकी चांगली गोष्ट लिवली आन् पुसली? कशाला?"

"ते न्हाई सांगायचं. शब्द दिलाय."

"अहो बाई, उद्या पाचला तुमच्यावर गुन्हा दाखल व्हतोय! शब्द कसले सांभाळताय?"

"भाऊजी, ती पोर तिकडं बेशुद्ध हाय. आज मी तोंड उघडलं तर त्या घरात अजून एक आग लागंल. मला न्हाई बोलायचं."

आता काय करावं या बाईला! सूर्यभाननं त्यांचा मोबाईल मागितला. ग्रुपवर मंगळवारच्या सकाळी 'तुम्ही हा मेसेज हटवला' एवढीच ओळ होती. सहा बावन्न ते सात दहा, म्हणजे मेसेज जेमतेम अठरा मिनिटं राहिलेला. आणि ती अठरा मिनिटं कसली, तर धारांची. तरडवस्तीत त्या वेळेला माणसाचे दोन्ही हात गायीच्या सडांना असतात. दूध डेअरीत घातल्याशिवाय कुणी मोबाईल उघडत नाही. सूर्यभानच्याही गोठ्यात दोन गायी होत्या, त्यानंही तो मेसेज पाहिला नव्हता. म्हणूनच बाईंनी खरं काय लिहिलं होतं हे सांगायला साक्षीदार मिळत नव्हता.

मग त्यानं आलेले फोन पाहिले. मंगळवारी सात वाजून पाच मिनिटांनी एकच फोन आला होता, चार मिनिटांचा. नाव वाचून त्यानं मान वर केली.

"बाई, तुमाला रंगुबाईचा फोन आल्ता?"

मनकर्णाबाईंनी मोबाईल त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत खराटा उचलला.

३

रंगुबाई नगरला दवाखान्यात, सुनेच्या उशाशी. तिला तिथं जाऊन छेडणं सूर्यभानला बरं वाटेना. त्यानं दुसरं टोक धरलं. बसमध्ये विनातिकीट माणूस सापडला की तो पहिला प्रश्न विचारायचा, कुठं बसला? फोटो गावात कुठं बसला हे सगळ्यांना माहीत होतं. ग्रुपवर तो पहिल्यांदा टाकला होता आप्पासाहेबानं.

आप्पासाहेबाचं इलेक्ट्रिकचं दुकान. महिन्यापूर्वीच बाईंनी ग्रुपवर लिहिलं होतं की आपल्या गावात मिळणारे स्वस्तातले बोर्ड दोन महिन्यांत वितळतात. दुकानाचं नाव घेतलं नव्हतं, पण गावात दुकान एकच.

"या कंडक्टर," आप्पासाहेब खुशीत होता. "बघितलं का तुमच्या बाईचं?"

"माझी बाई घरी हाय. हा फोटो तुला कुनी दिला?"

"गिऱ्हाईकानं."

"कोन गिऱ्हाईक?"

"ते कसं सांगू? इस्वासानं दिलाय त्यानं. नाव घेऊ नको म्हनला."

"फोटो कधी काढला म्हनं त्यानं?"

"मंगळवारी सकाळीच. मेसेज पडला, त्यानं वाचला, फोटो काढून ठिवला. नशीब म्हनायचं. न्हाईतर तुमची बाई पुसून मोकळी झाल्ती!" आप्पासाहेबानं काउंटरवर हात आपटला. "आन् मला सांगा, मंगळवारी दिवसभर मी किती घाबरलो असंन? हिटर माझ्या दुकानातला. मला वाटलं कॉईल फुटली, आता मलाच धरत्यात. रातभर डोळा न्हाई लागला. सकाळी फोटो आला तवा जीवात जीव आला."

एक पोरगी मरणाच्या दारात पडली आणि याच्या जीवात जीव आला म्हणे! सूर्यभानला त्याच्या गल्ल्यावरचं पेन त्याच्याच कानात खुपसावंसं वाटलं. पण तो गप्प बाहेर पडला, कारण माणूस नीच असला तरी आत्ता बोलला ते खरं वाटत होतं.

त्याच्या संशयातली दुसरी म्हणजे राजनंदिनी. बावीस-तेवीस वर्षांची, मोबाईलवर रील करणारी. घरगुती युक्त्या, मोबाईलच्या सेटिंग, नवरा-बायकोत काय असावं काय नसावं. लग्न व्हायचं होतं, पण त्याही विषयावर तिचं ठाम मत होतं. मनकर्णाबाईंच्या ग्रुपामुळं गावातच आपल्याला कुणी विचारत नाही हा तिचा राग जुना. शेण फेकून त्याचा व्हिडिओ तिनंच काढला होता.

"तुला रील करायला बाईची अब्रूच सापडली का गं?" सूर्यभाननं सुरुवातच अशी केली.

"आण्णा, लोकांना सावध करायला नको का?" ती जराही बिचकली नाही. "माझं मत मी मांडलं. मत मांडायचा हक्क हाय ना?"

"मत मांड. पन शेन कशाला? आन् तुला फोटोत खाडाखोड करता येती ना? अक्षरं बदलायची, चेहरे बदलायचे?"

आता मात्र तिचा चेहरा उतरला. "माझ्यावर आळ घेता का? माझी मंगळवार रातची रील बघा आधी. मी काय म्हनले हाय त्यात!"

सूर्यभाननं रील बघितली. राजनंदिनी डोळे मोठे करून सांगत होती की संस्कृतीताईला शॉक बसला तो व्होल्टेज वाढल्यामुळं, म्हणून प्रत्येकानं स्टॅबिलायझर घ्यावा.

"पिनेचं काहीच न्हाई यात," तो म्हणाला.

"मला कुठं माहीत हुतं पिनेचं? सकाळी फोटो आला तवा कळलं. तोंडावर पडले मी. लोकांनी किती नावं ठिवली खाली!"

सूर्यभान बाहेर आला आणि रस्त्यातच थांबून त्यानं ग्रुप उघडला. मंगळवारी दुपारपासून रात्रीपर्यंत गावानं संस्कृतीच्या शॉकवर एकशे त्रेसष्ट मेसेज लिहिले होते. कुणी म्हणालं कॉईल फुटली, कुणी म्हणालं ओल्या पायानं गेली असेल. कुणी घराचा दरवाजा दक्षिणेला आहे म्हणून सांगितलं होतं. एकानं तर पोरीनं मोबाईल हातात धरला असणार, हल्लीच्या सुना, असंही लिहिलं होतं. एकशे त्रेसष्ट मतं आणि पोरगी जिवंत आहे का हे विचारणारं त्यात एकही नाही. त्यानं सगळी वाचली. संतापानं कानशिलं तापली, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडत गेलं, वायरमन आला, रंगुबाईचं घर उघडतायत.

४

घर मंगळवारपासून बंद होतं. शॉक बसला तेव्हा गोरक्षनाथनंच बोर्ड बंद केला, शेजाऱ्यांनी संस्कृतीला उचलून टेम्पोत घातलं आणि निघताना गोरक्षनाथनं दाराला कुलूप घातलं. चावी त्याच्या खिशात. बुधवारी पहाटे तो एकदा गोठ्यात येऊन गेला, कारण बायको दवाखान्यात असली तरी गायींच्या धारा थांबत नाहीत. घरात मात्र कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

दुपारी बारा वाजता वायरमननं बोर्डातून हिटरचा प्लग उपसला आणि वर धरला. दोन पिना होत्या. वरची मोठी पिन मुळापासून करवतीनं कापलेली.

"बघा!" गर्दीतून आवाज आला. "बाईनं सांगितलं तसंच केलंय!"

गोरक्षनाथ उंबऱ्यावर खाली बसला. तिशीचा, मिरजगावला फ्लेक्सचं दुकान चालवणारा पोरगा. दोन दिवसांची दाढी, डोळे लाल.

"मी वाचलं आन् कापली," तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी मेसेज वाचला, म्हनलं बाई सांगत्यात म्हंजी बरूबर असंन. माझ्या हातानं कापली, आण्णा. माझ्या हातानं."

बायका रडायला लागल्या. सूर्यभानलाही गलबलून आलं. त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो तूच काढला का रं?"

"न्हाई. मला कुठलं सुचतंय? कुनी काढला देव जानं. पन ज्यानं काढला त्याचं भलं होवो."

आता बाईंच्या विरुद्ध नुसता फोटो राहिला नव्हता. कापलेली पिन होती आणि ज्यानं सल्ला ऐकून ती कापली तो माणूस होता. घरी परतताना सूर्यभानला स्वतःचाच राग आला. ती बाई मेसेज का पुसला हे सांगत नव्हती आणि तो तिच्यासाठी गावभर पायपीट करत होता. कदाचित तिनं खरंच लिहिलं असेल. घाईत उलटं लिहून गेली असेल आणि घाबरून पुसलं असेल.

"मंग?" बायकोनं विचारलं.

"मंग काय? लिवलं असंन तिनं," तो म्हणाला आणि जेवला नाही.

५

गुरुवारी दुपारी त्यानं तो फोटो शेवटचा म्हणून उघडला. आतापर्यंत त्यानं मजकूर शंभरदा वाचला होता. पण तिकीट तपासताना चांगला कंडक्टर आधी रक्कम बघत नाही. रक्कम सगळेच बघतात. तो तारीख बघतो, गाडीचा नंबर बघतो, पंच कुठं मारलाय ते बघतो. इतक्या साध्या गोष्टीचा विसर पडला म्हणून त्यानं कपाळावर हात मारला आणि फोटो मोठा करून वरचं टोक पाहिलं.

मोबाईलची अगदी वरची, वेळ दाखवणारी पट्टी कापलेली होती. पण त्याखाली 'कामाची गोष्ट' हे नाव ठेवलं होतं, फोटो खऱ्या ग्रुपातला आहे हे दिसावं म्हणून. नावाशेजारी ग्रुपचं ते गोल चित्र. बाईंनी चार वर्षांपूर्वी लावलेलं चित्र म्हणजे पिवळा टेस्टर. या फोटोत गोलात टेस्टर नव्हता. गुलाबी फेटा होता, काळा गॉगल होता.

"अगं," त्यानं बायकोला हाक मारली, "पुंजारामचा वाढदिवस कधी हुता?"

"काल की. बुधवारी. पेढे न्हाई का आले डेअरीतून?"

तरडवस्तीत ज्याचा वाढदिवस असेल त्याचा फोटो त्या दिवशी गावच्या सगळ्या ग्रुपांना लावायचा रिवाज. फेटा, गॉगल, मागं वाघ नाहीतर सूर्य. दर दोन-चार दिवसांनी कुणाचा तरी असतोच, म्हणून आता कुणी बघतही नाही. पुंजाराम डेअरीचा चेअरमन, त्याचा तर लावायलाच हवा. सूर्यभान तडक डेअरीत गेला आणि सचिव अंगदला म्हणाला, "चेअरमनचा फोटो ग्रुपला कधी लावला ते दाखव."

अंगदनं मोबाईल काढला. ग्रुपात ओळ होती: अंगद यांनी ग्रुपचं चित्र बदललं. बुधवार, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं.

"त्याच्या आधी?"

"टेस्टरच. मंगळवारी कुनाचा वाढदिवस नव्हता."

"आन् हा फेट्याचा फोटो बनवला कुनी?"

"गोरखच्या दुकानातूनच येतंय सगळं. रविवारीच पाठवून ठिवला हुता त्यानं. का वो आण्णा?"

सूर्यभाननं वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती आणि बैठक पाचला होती.

६

हॉल भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मनकर्णाबाई दाराशी एकट्याच उभ्या, त्यांना कुणी बसायला जागा दिली नव्हती. रंगुबाई दुपारीच नगरहून आली होती. संस्कृतीला सकाळी शुद्ध आली होती, पण हाताचं काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते. पुंजारामनं घसा खाकरून तक्रारीचा कागद वाचायला घेतला.

"कागद ठिव खाली," सूर्यभान उठला. "आधी माझं ऐका. मंग कुठं जायचं तिकडं जा."

"तुमी तर बाईचे विरोधक!" कुणीतरी हसलं.

"व्हय. तिची चूक काढायचा धंदा माझा हाय, चार वर्षं करतोय. म्हनूनच सांगतो, ही चूक तिची न्हाई." त्यानं मोबाईल वर धरला. "मंगळवारी बाईंचा मेसेज सहा बावन्नला आला आन् सात दहाला गेला. बाईंनी तो सगळ्यांसाठी पुसला. एकदा पुसल्यावर त्याचा फोटो कुनालाच काढता येत न्हाई. म्हंजी हा फोटो खरा असंल, तर तो मंगळवारी त्या अठरा मिन्टांतच काढलेला पायजे. बरूबर?"

"बरूबर," आप्पासाहेब म्हणाला.

"मंग ह्यात पुंजारामचा फेटा कसा आला? चेअरमनचा फोटो ग्रुपला लागला बुधवारी सहा पाचला. इचारा अंगदला. मंगळवारच्या फोटोत बुधवारचा वाढदिवस! दोनशे चौदा जनांनी बघितला हा फोटो. मीबी बघितला, पुढं पाठवला, वर शहानपन लिवलं. एकानंबी वर बघितलं न्हाई."

माना मोबाईलवर झुकल्या. पुंजारामनं स्वतःचा फेटा शोधला आणि तो सापडल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हंजी फोटो खोटा," सूर्यभान पुढं म्हणाला. "ग्रुपातला बाईंचा जुनाच एखादा मेसेज घिऊन बुधवारी सकाळी त्यातली अक्षरं आन् वेळ बदलली. सहा पाच ते आठ चाळीस, या वेळात. आता मला सांगा, फोटोत पिनेचं लिवलंय. पिन कापलीय हे गावाला कवा कळलं? बुधवारी बाराला, वायरमननं घर उघडलं तवा. त्याच्या आधी घराला कुलूप हुतं. मंगळवारी तुमी एकशे त्रेसष्ट मेसेज लिवले. कॉईल, व्होल्टेज, दक्षिन दिशा. पिन कुनीच लिवली न्हाई. आप्पासाहेबाला कॉईल वाटली. राजनंदिनीला व्होल्टेज वाटलं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते खोटा फोटो करताना पिनेचं कशाला लिवतील? खोटं लिवनाऱ्याला खरं कारन आधीच माहीत हुतं."

सूर्यभान आप्पासाहेबाकडं वळला.

"कुनाला माहीत हुतं? कापनाऱ्याला. आप्पासाहेब, आता सांग, गिऱ्हाईक कोन तुझं?"

आप्पासाहेबानं इकडंतिकडं पाहिलं. कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही. "गोरख," तो पुटपुटला. "साडेआठला पाठवला त्यानं."

गोरक्षनाथ ताडकन उठला. "खोटं! मी मेसेज वाचला हुता मंगळवारी! वाचून कापली मी!"

"काय लिवलं हुतं रं त्यात?" सूर्यभानचा आवाज चढला. "खऱ्या मेसेजात काय लिवलं हुतं? वाचनारं गावात एक तरी माणूस हाय का?"

सूर्यभाननं रंगुबाईकडं पाहिलंही नाही. त्याला तिला दरडावता आलं असतं, फोनची वेळ सांगता आली असती. पण मनकर्णाबाई दारातून त्याला मानेनं नको नको म्हणत होत्या.

मग रंगुबाईच उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "माझ्याकडं बटनाचा फोन हाय. मंगळवारी जावेनं तिच्या मोबाईलवरचं मला वाचून दाखवलं. आज ती मुलीकडं गेलीय, न्हाईतर तीबी बोलली असती. बाईंनी लिवलं हुतं, पिन कापलेला हिटर लावू नगा, कालच एका घरात बघितला, जीव जाईल. सोमवारी बाई आमच्याच घरी आल्त्या. तवाच त्यांनी प्लग बघून गोरखला सांगितलं, नवा बोर्ड आन. त्यानं महिन्यापूर्वीच कापली हुती ती. सगळ्या गावाला कळलं असतं आमचंच घर ते. मी फोन केला, म्हनलं, बाई, आमची अब्रू अशी मोबाईलवर टाकू नगा. पुसा. माझी शपथ घातली. त्यांनी पुसलं." तिचा आवाज फाटला. "तो मेसेज ऱ्हायला असता तर तासाभरात माझ्या सुनेनं वाचला असता. धारा झाल्या की ती पहिला मोबाईलच बघती."

"आई!" गोरक्षनाथ ओरडला.

"गप. दोन दिस मी तुझ्यासाठी गप बसले. त्या बाईच्या दारात शेन पडलं तरी गप बसले. आज सकाळी पोरगी डोळं उघडून मला म्हनली, आई, बाईंनी असं कसं सांगितलं वो? तिला कुनी तरी तुझा तो फोटो दाखवला. तवा मला माझीच किळस आली."

गोरक्षनाथ भिंतीला टेकून खाली सरकला. "मला वाटलं, तिच्या माहेरचे मला सोडत न्हाईत," तो हुंदके देत म्हणाला. "मला वाटलं, मेसेज पुसलाय, कुनाला कळनार हाय?"

७

यानंतर जे झालं त्याचा सूर्यभानला सगळ्यात जास्त संताप आला. अर्ध्या मिनिटात हॉलमधले सगळे मोबाईल वर झाले. जो हॉल बाईंना ठाण्यात न्यायला जमला होता तोच आता गोरक्षनाथचे हुंदके टिपत होता. राजनंदिनी खुर्चीवर चढली. 'बायकोला मारणारा नवरा' असं मागून कुणीतरी मोठ्यानं टाईप करत वाचत होतं.

"खाली ठेवा!"

मनकर्णाबाईंचा हा आवाज अंगणवाडीतल्या पोरांनीच काय तो ऐकला असेल, आणि हॉलमधली अर्धी माणसं त्यांच्याच हाताखालून गेलेली. मोबाईल खाली आले.

"काल मी, आज ह्यो. उद्या कोन?" त्या पुढं आल्या. "त्याचं काय करायचं ते संस्कृती ठरवील. हात तिचा जळलाय. ठाण्यात जायचं तर ती सांगंल तवा मी सोबत जाईन. तुमी कोन त्याचा फैसला करनारे? आन् मी तरी कोन? एका बाईची अब्रू राखायला मी जीव वाचवनारी गोष्ट पुसली. मला शिक्षा द्यायची तर त्याची द्या."

काही जणांनी हात जोडले, एक-दोन बायका 'चुकलं, बाई' म्हणत पुढं सरकल्या. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"माफी नंतर. मला एक सांगा. खरं सांगायचं, हितं कुनी फोटो काढत न्हाई. कुनाकुनाच्या घरात मोठी पिन कापलेली हाय? हिटर, फ्रिज, मोटार, काहीबी. हात वर करा."

मग पुंजारामनं, चेअरमन असूनही, हात वर केला. "डेअरीच्या दुधाच्या टाकीची," तो खाली बघत म्हणाला. "अंगदच्या हातानं मीच कापाय लावली." अंगदचा हात वर गेला. आप्पासाहेबाचा गेला. बायकांच्या बाजूला एकेक बांगड्यांचा हात वर जायला लागला आणि शेण फेकणारीचाही त्यात होता.

सूर्यभानला घरचा फ्रिज आठवला. चार वर्षांपूर्वी बाईंनी ग्रुपवर पहिलाच सल्ला पिनेबद्दल दिला होता. त्याखाली त्यानं लिहिलं होतं, एवढं काही होत नाही, आम्ही सगळे असंच वापरतो. ते लिहून तो मोबाईल ठेवून उठला होता आणि त्याच संध्याकाळी त्यानं फ्रिजची पिन कापली होती. ग्रुपवर त्या उत्तराला सत्तेचाळीस अंगठे मिळाले होते.

त्यानं हात वर केला. आता खाली राहिलेले हात मोजणंच सोपं होतं.